मुंबई इलाख्यातील प्लेगची साथ आणि रुग्णाचे कुटुंब : श्रद्धा व समाजाधार यांचा ऐतिहासिक अभ्यास (१८९६-१९००)

सारांश

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत उद्भवलेल्या प्लेगच्या साथीचा अभ्यास बहुधा राज्यसत्तेचे दमन, राष्ट्रीय चळवळीची जडणघडण आणि सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेचा विकास या तीन अंगांनी केला जातो. प्रस्तुत निबंधात या साथीकडे आजारी माणसाच्या घरातून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. घरातील व्यक्ती अकस्मात आजारी पडल्यावर कुटुंबाने कोणाचा आधार घेतला, देव-देवस्की, जात-जमात व गावकी यांनी त्या प्रसंगी कोणते कार्य केले, त्या आधाराच्या मर्यादा कोणत्या होत्या आणि शासनाला अखेर त्याची दखल का घ्यावी लागली, या प्रश्नांची येथे मांडणी केली आहे.

प्रस्तावना

साथीचा इतिहास लिहिताना मृतांचे आकडे, कायद्यांच्या तारखा आणि अधिकाऱ्यांची नावे सहज हाती लागतात. रुग्णाच्या उशाशी बसलेली आई किंवा बहीण मात्र कागदपत्रांत क्वचितच दिसते. दिसते तेव्हा ती रुग्ण लपवणारी, तपासणीस विरोध करणारी, अज्ञानी किंवा अंधश्रद्ध म्हणून दिसते. कारण हे कागद बहुतांशी तपासणी करणाऱ्यांनी लिहिलेले आहेत. तथापि त्याच अहवालांतील तक्रारींचा उलट बाजूने विचार केला, तर सामान्य कुटुंबाच्या वर्तनामागील संगती उलगडू लागते. ज्या कृतीला अधिकारी हट्ट म्हणत होते, ती कुटुंबाच्या दृष्टीने रुग्णाप्रती असलेली कर्तव्यबुद्धी होती. ही संगती समजून घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. अभ्यासाचे क्षेत्र प्रामुख्याने मुंबई व पुणे ही दोन शहरे असून कालखंड १८९६ ते १९०० असा मर्यादित ठेवला आहे.

आजाराचे स्वरूप आणि घर

मुंबईच्या मांडवी भागात, गोदीलगतच्या धान्याच्या वखारींच्या परिसरात, विलक्षण तापाचे रुग्ण आढळू लागले. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा ताप गाठीच्या प्लेगचा असल्याचे निदान केले आणि २३ सप्टेंबर १८९६ रोजी ते महानगरपालिकेच्या स्थायी समितीपुढे ठेवले. प्रारंभी या निदानाविषयी शंका घेण्यात आली. परंतु थोड्याच दिवसांत ते खरे ठरले.

या रोगाची गती कुटुंबाला विचार करण्यास अवधी देत नसे. सकाळी कामावर गेलेला माणूस सायंकाळी हुडहुडी भरून परते. रात्रीतून ताप चढे, जांघेत, काखेत किंवा मानेवर गाठ येई, वात होऊन रुग्ण बरळू लागे आणि पुष्कळदा तीन ते पाच दिवसांत त्याचा अंत होई. बाधितांपैकी निम्म्याहून अधिक दगावत. अलेक्झांडर येरसिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे या रोगाचा जंतू शोधला होता. मात्र तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे अनिश्चित होते. उंदरावरील पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथे दाखवला, पण त्यास सर्वसाधारण मान्यता मिळण्यास १९०५ नंतर मुंबईत परळ येथे झालेले विस्तृत संशोधन कारणीभूत ठरले. म्हणजेच १८९६-९७ मध्ये डॉक्टर, वैद्य, हकीम आणि अधिकारी या सर्वांजवळ खात्रीचा असा उपचार नव्हता. रुग्णालयात नेलेला रुग्ण बरा होईल असे आश्वासन कोणीही देऊ शकत नव्हते.

या वस्तुस्थितीचे महत्त्व फार आहे. जेथे औषध निश्चित नाही तेथे शुश्रूषेचे मोल वाढते. तोंडात पाणी घालणे, कपाळावर ओली पट्टी ठेवणे, कूस बदलून देणे, बरळणाऱ्यास धरून ठेवणे आणि शेवटची घटका आलीच तर त्या वेळचे विधी पार पाडणे एवढेच माणसाच्या हाती राहते. हिंदू घरात मुखी गंगाजल व तुळशीपत्र, मुस्लिम घरात कलम्याचे उच्चारण, कॅथलिक घरात धर्मगुरूकडून अंतिम अभ्यंग, या सर्व आचारांना एक समान अट होती. ती म्हणजे आपली माणसे जवळ असणे. रुग्णाला घरातून उचलून नेणे म्हणजे या अटीवरच आघात करणे होते.

कायदा आणि घराचा उंबरठा

मुंबईच्या महापालिका आयुक्तांनी ऑक्टोबर १८९६ मध्ये रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे अधिकार वापरण्याचे जाहीर केले. याची प्रतिक्रिया लवकरच उमटली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील साथरोग रुग्णालयावर चाल केली. दुसऱ्याच दिवशी आयुक्तांना आदेशात सवलत द्यावी लागली. ज्याच्या घरी विलगीकरणाची सोय होऊ शकते अशा रुग्णाला हलवले जाणार नाही, असे आश्वासन देण्यात आले. सक्ती आणि सवलत यांचा हा पहिला फेरा होता. पुढील चार वर्षांत तो पुन्हा पुन्हा घडलेला दिसतो.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. या कायद्याने शासनास प्रवाशांची तपासणी, घरांची झडती, रुग्णांचे स्थलांतर आणि संशयितांचे विलगीकरण यांबाबत अतिशय व्यापक अधिकार दिले. यात्रा-जत्रांवर निर्बंध घालण्याचा मार्ग मोकळा झाला आणि त्याच वर्षी मुंबईहून निघणारी हज यात्राही स्थगित करण्यात आली. संकटकाळी ज्या सामूहिक उपासनेकडे माणसे वळतात तीच बंद झाली, ही भावना सर्वच समाजांत पसरली.

रुग्णालयाविषयी विलक्षण अफवा पसरल्या होत्या. रुग्णांच्या शरीरातून 'मोमिआई' नावाचे औषधी तेल काढले जाते, रुग्णांना मुद्दाम मारले जाते, असे लोक बोलत. या अफवांची संभावना केवळ अज्ञान म्हणून करणे सोपे आहे. तथापि ज्या ठिकाणी नातलगांना प्रवेश नाही, जेथून बहुतेक माणसे परत येत नाहीत आणि जेथे मृतदेहाचीही तपासणी होते, त्या ठिकाणाविषयी बाहेर उभ्या असलेल्या कुटुंबाने दुसरी कोणती कल्पना करावी, हा प्रश्न उरतोच. बंद दाराआड काय घडते याचे ज्ञान नाकारल्यावर ती जागा भीतीने भरून काढली, असेच म्हणावे लागेल.

कुटुंबाचा प्रतिकार किती टोकाला जाऊ शकतो याचे उदाहरण ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत घडले. मदनपुरा भागातील जुलाहा मुस्लिम विणकरांच्या वस्तीत एका घरातील आजारी मुलीची तपासणी करण्यास पथक आले असता घरच्यांनी त्यास नकार दिला. वाद वाढला, गोळीबार झाला आणि दंगल शहराच्या इतर भागांत पसरली. दंगलीचे राजकीय पडसाद पुष्कळ अभ्यासले गेले आहेत. तिच्या मुळाशी मात्र एका घराचा उंबरठा आणि त्याआड आजारी पडलेली एक मुलगी होती, याचा विसर पडता कामा नये.

देवी, क्रूस आणि नवस

महाराष्ट्राच्या ग्रामीण परंपरेत पटकी, देवी यांसारख्या साथी या मरीआई व शीतलादेवी यांच्या कोपाशी जोडल्या जात. प्लेग हा रोग नवा असला तरी त्यासाठी श्रद्धेची चौकट जुनीच उपलब्ध होती. कडुलिंबाचे डहाळे, दहीभाताचा नैवेद्य, लिंबू, हिरवा चुडा आणि खण यांनी देवीची शांत करणे, पोतराजाच्या मुखातून तिचा कौल घेणे आणि शेवटी गाडा काढून तिला वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर पोहोचवणे, असा हा विधी असे. कोकणातून मुंबईस आलेल्या चाकरमान्यांमध्ये ग्रामदेवतेस गाऱ्हाणे घालण्याची प्रथा होती.

या विधींचा समाजशास्त्रीय अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. पहिली गोष्ट म्हणजे आजार एका घरात असला तरी गाऱ्हाणे साऱ्या गावाचे असे. वर्गणी गावाची, गाडा गावाचा, उपवास गावाचा. त्यामुळे ज्या घरात रुग्ण आहे त्या घरावर दोषाचा शिक्का बसण्याऐवजी संकट सर्वांत वाटले जाई. दुसरी गोष्ट म्हणजे मरीआईच्या सेवेत महार व मातंग समाजातील सेवेकऱ्यांचे स्थान मध्यवर्ती होते. एरवी गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांकडे संकटकाळी सारे गाव धाव घेई. अर्थात या तात्पुरत्या प्रतिष्ठेने त्यांच्या दैनंदिन स्थितीत बदल झाला नाही. उलट रोगाची देवी व तिचे सेवेकरी दोघेही गावाबाहेरच राहिले. पुढील काळात दलित चळवळीने पोतराज प्रथेवर जी टीका केली, तिचे मूळ या विसंगतीत आहे.

तिसरी गोष्ट अधिक व्यावहारिक आहे. उंदीर मरू लागले की वस्ती सोडून माळावर झोपड्या घालून राहावे, हा मार्ग साथीच्या काळात अनेक गावांनी स्वीकारला. देवीचा कोप ओसरेपर्यंत गावात जाऊ नये, अशी त्यामागची श्रद्धा असो की अनुभव असो, परिणामतः माणसे उंदीर व पिसवा असलेल्या घरांपासून दूर जात. पिसवांचा संबंध सिद्ध झाल्यानंतर स्थलांतर हा प्लेग प्रतिबंधाचा एक प्रभावी उपाय असल्याचे वैद्यकानेही मान्य केले.

श्रद्धेचा हा आधार एका धर्मापुरता नव्हता. मुंबईतील ईस्ट इंडियन हा मराठी बोली बोलणारा कॅथलिक समाज बांद्रा, गिरगाव, माझगाव इत्यादी गावठाणांत पिढ्यानपिढ्या राहत आला आहे. या वस्त्यांच्या रस्त्यांवर आणि चौकांत जे क्रूस आजही दिसतात, त्यांपैकी अनेक क्रूस प्लेगच्या काळात संरक्षणासाठी वा कृतज्ञतेपोटी उभारले गेले. सायंकाळी शेजारीपाजारी या क्रुसाभोवती जमून प्रार्थना करीत. चर्चपर्यंत जाणे अवघड झाले तेव्हा प्रार्थना वाडीत आली. मरीआईचा गाडा शिवेबाहेर जातो आणि क्रूस वस्तीच्या मध्यभागी उभा राहतो, एवढा फरक असला तरी दोहोंचे सामाजिक कार्य सारखेच होते. भयभीत कुटुंबाला घराबाहेर पडून इतरांसमवेत उभे राहण्याची जागा त्यांनी दिली.

जमातींची रुग्णालये

मार्च १८९७ मध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग समिती नेमण्यात आली. समितीची पद्धत कठोर होती. परंतु एक गोष्ट तिच्या लवकरच लक्षात आली. सरकारी रुग्णालयात जाण्यास नकार देणारी कुटुंबे आपल्या जातीच्या किंवा जमातीच्या रुग्णालयात जाण्यास तयार होत. म्हणून निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांना स्वतःची रुग्णालये काढण्यास उत्तेजन देण्यात आले. पारशी, हिंदू, जैन आणि मुस्लिमांतील विविध जमाती यांनी स्वखर्चाने अशी रुग्णालये सुरू केली. पुष्कळदा ती बांबू व चटयांच्या तात्पुरत्या छपरांखाली चालत.

या रुग्णालयांत औषध वेगळे नव्हते. वेगळे होते ते वातावरण. स्वयंपाक आपल्या आचाराप्रमाणे होई, परिचयाचे वैद्य-हकीम येऊ शकत, घरचे एखादे माणूस रुग्णाजवळ थांबू शके आणि मृत्यू आल्यास अंत्यविधी आपल्या पद्धतीने होत. ज्या गोष्टींना अधिकारी गैरसोयीचे सोपस्कार समजत होते, त्याच उपचार स्वीकारण्याच्या पूर्वअटी ठरल्या.

येथे वैद्यकीय दृष्ट्याही एक उल्लेखनीय बाब आहे. गाठीचा प्लेग हा प्रामुख्याने पिसवांमार्फत पसरतो. फुप्फुसाचा प्लेग वगळता तो रुग्णाच्या सहवासाने सहजासहजी होत नाही. स्वच्छ व हवेशीर रुग्णालयांत शुश्रूषा करणाऱ्यांना हा रोग क्वचितच जडतो, असे त्या काळच्या निरीक्षकांच्याही ध्यानात आले होते. याचा अर्थ असा की खरा धोका रुग्णाच्या उशाशी बसण्यात फारसा नव्हता. तो अंधाऱ्या, कोंदट, उंदरांनी भरलेल्या खोलीत होता. रुग्णाजवळ राहण्याचा कुटुंबाचा आग्रह आणि घर रिकामे करण्याचा शासनाचा आग्रह हे दोन्ही एकाच वेळी मान्य करता आले असते. पहिल्या दोन वर्षांतील संघर्ष अटळ नव्हता, हे यावरून दिसते.

गॅटेकर यांच्यानंतर १८९७ मध्येच समितीची सूत्रे जेम्स कॅम्पबेल यांच्याकडे आली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक आणि लोकसमजुतींचे अभ्यासक म्हणून ते परिचित होते. त्यांच्या कारकिर्दीत वस्तीतील प्रतिष्ठितांना विश्वासात घेऊन काम करण्यावर अधिक भर देण्यात आला. लोकश्रद्धांचा अभ्यासक साथ-नियंत्रणाचा प्रमुख व्हावा, ही घटना योगायोगाची असली तरी अर्थपूर्ण आहे.

पुणे : सक्ती आणि स्वयंसेवा

पुण्यात फेब्रुवारी १८९७ मध्ये डब्ल्यू. सी. रँड यांची प्लेग समितीचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली आणि मार्च महिन्यात गोऱ्या सैनिकांच्या मदतीने घरझडतीस प्रारंभ झाला. सैनिक स्वयंपाकघरात व देवघरात शिरतात, स्त्रियांची उघड्यावर तपासणी करतात, सामान जाळतात, अशा तक्रारी वृत्तपत्रांतून सातत्याने प्रसिद्ध होत होत्या. रुग्णास रुग्णालयात आणि त्याच्या कुटुंबास विलगीकरण छावणीत पाठवले जाई. त्यामुळे एका आजारासरशी संपूर्ण घर विस्कटून जाई. पंडिता रमाबाई यांनीही पुण्यातील प्लेग रुग्णालयाच्या व्यवस्थेविषयी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली होती. रमाबाईंची ख्रिस्ती धर्मनिष्ठा आणि ब्रिटिश मिशनरी वर्तुळाशी असलेले संबंध लक्षात घेता, हा असंतोष केवळ सनातनी मंडळींचा नव्हता, हे स्पष्ट होते.

२२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्याच रात्री लेफ्टनंट आयर्स्ट ठार झाले आणि ३ जुलै रोजी रँड यांचा मृत्यू झाला. या घटनेने इतिहासाचे लक्ष इतके वेधून घेतले आहे की त्याच महिन्यांतील दुसऱ्या प्रकारचे कार्य झाकोळले गेले. लोकमान्य टिळक साथीच्या काळात पुणे सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदू प्लेग रुग्णालय सुरू करण्यात पुढाकार घेतला, विलगीकरण छावणीतील लोकांच्या भोजनाची व्यवस्था केली आणि तपासणी पथकांबरोबर स्वतः फिरले. 'केसरी'तून त्यांनी सक्तीच्या पद्धतीवर कठोर टीका केली. परंतु रुग्णाला वेगळे ठेवण्याची आवश्यकता नाकारली नाही. जे पुढारी शहर सोडून गेले त्यांच्यावरही त्यांचा रोष होता. समाजाचा आधार केवळ भावनेवर उभा राहत नाही. त्यासाठी शहरात थांबणारी माणसे लागतात, हे त्यांच्या या कार्यातून दिसते.

हडपसरचा दवाखाना : सत्यशोधक आधार

जात आणि जमातीची रुग्णालये ज्यांच्यासाठी नव्हती त्यांचे काय, हा प्रश्न या संपूर्ण इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. भाटियांचे रुग्णालय भाटियांसाठी, खोजांचे खोजांसाठी. परंतु ज्या जातींजवळ धन नव्हते आणि ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्या आजाऱ्यास सरकारी छावणीखेरीज ठिकाण नव्हते. या पोकळीत सावित्रीबाई फुले यांचे कार्य उभे राहते.

जोतीराव फुले यांचे १८९० मध्ये निधन झाल्यानंतर सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाच्या कार्याची धुरा सांभाळली होती. १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. १८७६-७७ च्या दुष्काळातील अन्नछत्रांचा अनुभवही त्यांच्या पाठीशी होता. प्लेग पुण्यात पसरल्यावर त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंतराव यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात, शहरापासून दूर मोकळ्या माळावर, रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तेथे आणण्याचे व त्यांची शुश्रूषा करण्याचे काम करीत. मुंढवा येथील महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा मुलगा आजारी असल्याचे कळताच त्यांनी त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. याच सेवाकार्यात त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यात सैनिकांकरवी झडतीसत्र सुरू होण्यापूर्वी अवघ्या काही दिवसांची ही घटना आहे.

या प्रसंगाकडे केवळ करुणेचे उदाहरण म्हणून पाहणे अपुरे आहे. सत्यशोधक विचारात निर्मिक एक आणि सर्व माणसे त्याची लेकरे, असा स्पष्ट धर्मविचार आहे. जोतीरावांचे 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. सावित्रीबाईंची कृती ही श्रद्धाहीन नव्हे, तर वेगळ्या श्रद्धेतून घडलेली होती. मरीआईच्या गाड्यामागे गावाची एकजूट होती, जमातीच्या रुग्णालयामागे रक्ताचे व रोटीबेटीचे नाते होते. ससाणे मळ्यातील दवाखान्यामागे मानलेले नाते होते. एका ब्राह्मण विधवेचा दत्तक घेतलेला पुत्र डॉक्टर होतो, त्याची माळी समाजातील आई महारवाड्यातील मुलाला पाठीवर आणते, या साखळीत रक्ताचे नाते कोठेही नाही. तरीही तीत कुटुंबाची सर्व कर्तव्ये पार पडलेली दिसतात. पुढे १९०५ मध्ये डॉ. यशवंतराव यांचाही प्लेगनेच मृत्यू झाला.

श्रद्धा आणि लस

श्रद्धा ही आधुनिक वैद्यकाच्या मार्गातील अडसर होती, असे सरसकट विधान करता येत नाही. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी प्लेग प्रतिबंधक लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तिचा प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. लोकांच्या मनात लसीविषयी भीती होती आणि शासनही प्रारंभी साशंक होते.

या वेळी तिसरे आगाखान, सुलतान मुहम्मद शहा यांनी हाफकिन यांच्या कार्यास साहाय्य केले. ते जेमतेम विशीचे होते. परंतु इस्माइली खोजा समाजाचे इमाम म्हणून त्यांचा शब्द अनुयायांस प्रमाण होता. त्यांनी आपल्या अनुयायांसमक्ष स्वतःस लस टोचून घेतली आणि त्यांचे अनुकरण करून हजारो खोजांनी लस घेतली. जी गोष्ट शासकीय आदेशाने साधली नाही ती धर्मगुरूच्या उघड्या दंडाने साधली. माणूस ज्याच्यावर विश्वास ठेवतो त्याच्या हातून औषध घेतो, हे तत्त्व येथे सिद्ध झालेले दिसते. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलवण्यात आली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते.

आधाराच्या मर्यादा

समाजाधाराचे गौरवीकरण करताना त्याच्या मर्यादा दृष्टिआड करणे इतिहासास धरून होणार नाही. पहिली मर्यादा जातीची असून तिचा निर्देश वर आलाच आहे. दुसरी मर्यादा भीतीची होती. साथीने टोक गाठल्यावर अनेक ठिकाणी सख्खे नातलगही रुग्णास सोडून गेले आणि प्रेतास खांदा देण्यास माणसे मिळेनाशी झाली. १८९७ च्या प्रारंभी मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली, असे समकालीन अहवाल सांगतात. गाव हा चाकरमान्याचा शेवटचा आधार होता. परंतु त्या आधाराकडे धाव घेताना तो पुष्कळदा रोगही सोबत नेत असे. तिसरी मर्यादा स्त्रियांच्या संदर्भातील आहे. शुश्रूषेचा भार प्रामुख्याने त्यांनीच वाहिला. परंतु स्वतः आजारी पडल्यावर परपुरुषाने तपासू नये या दंडकामुळे त्यांच्यावरील उपचारास विलंब होई. कुटुंबाच्या अब्रूचे रक्षण आणि कुटुंबातील स्त्रीच्या जिवाचे रक्षण यांत अंतर पडले, तेव्हा अब्रूचे पारडे जड झाल्याची उदाहरणे आहेत. मदनपुऱ्यातील घटनेचा विचार करताना ही बाजूही ध्यानात घ्यावी लागते.

तथापि शासनानेही या अनुभवातून बोध घेतला. १८९८-९९ मध्ये टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगाने सर्व उपायांचा आढावा घेतला. आयोगाच्या कामानंतर आणि ठिकठिकाणच्या दंगलींचा अनुभव लक्षात घेऊन सक्तीची तपासणी व सक्तीचे विलगीकरण क्रमाने मागे घेण्यात आले. घरी शुश्रूषा करण्याची मुभा, स्वेच्छेने स्थलांतर, स्वेच्छेने लस आणि स्थानिक पुढाऱ्यांचे सहकार्य हे नव्या धोरणाचे आधार बनले. साथ पुढे दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळली आणि तिने हिंदुस्थानात सुमारे एक कोटी वा त्याहून अधिक बळी घेतले. परंतु १८९७-९८ सारखा उघड संघर्ष पुन्हा त्या प्रमाणात उद्भवला नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. प्लेगच्या काळात कुटुंबापुढे देव की औषध असा पेच क्वचितच होता. आजाऱ्याजवळ कोण राहणार, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता आणि ज्या व्यवस्थेने त्याचे समाधानकारक उत्तर दिले तिचा लोकांनी स्वीकार केला.

२. मरीआईचा गाडा, वाडीतील क्रूस, जमातीचे रुग्णालय आणि सत्यशोधकांचा दवाखाना या चारही गोष्टी एका घरावरील संकट अनेकांत वाटून घेण्याच्या रीती होत्या. त्यांच्यातील भेद समाजाची सीमा कोठे आखली जाते यात होता.

३. विश्वासाचे जाळे हाती असल्यास आधुनिक वैद्यकाचा प्रसार सुलभ होतो, हे खोजा समाजातील लसीकरणावरून दिसते.

४. रक्ताच्या व जातीच्या नात्यांवर उभा राहिलेला आधार त्या नात्यांबाहेरच्या माणसाला वाऱ्यावर सोडतो. सावित्रीबाईंचे कार्य ही या मर्यादेवरील कृतिशील टीका होती.

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात करोनाच्या साथीस तोंड देण्यासाठी १८९७ चा साथरोग कायदा पुन्हा लागू करण्यात आला. त्यानंतरच्या काळात असंख्य कुटुंबांनी आपल्या माणसास रुग्णवाहिकेत बसताना पाहिले आणि पुन्हा पाहिले नाही. रोग निराळा होता. तो सहवासाने पसरणारा असल्यामुळे विलगीकरणाची आवश्यकताही अधिक होती. तरीही वॉर्डाच्या दाराबाहेर ताटकळणाऱ्या नातलगांचा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्रश्नाहून वेगळा नव्हता. साथीचे नियोजन करणाऱ्यांनी खाटा, औषधे आणि प्राणवायू यांच्याबरोबर रुग्णाच्या सोबतीचाही विचार करणे आवश्यक आहे, असे १८९६ ते १९०० या काळाचा इतिहास सुचवितो. मुंढव्याहून हडपसरपर्यंत एका मुलाला पाठीवर वाहून नेणाऱ्या वृद्ध स्त्रीने हा विचार त्या काळीच कृतीत आणला होता.